गवळटेपचं गूळपाणी

कोंडाजीला कुणी बोलावलं नाही की राग यायचा, आणि बोलावलं की तो मुद्दाम अर्धा तास उशिरा जायचा. डोणवाडीनं यावर तोड काढली होती. बारसं असो की पाइपलाइनची बैठक, सरपंचाला वेळ सांगायची ती अर्धा तास अलीकडची. हे कोंडाजीच्या लक्षात यायला वर्ष गेलं. लक्षात आल्यापासून तो तासभर उशिरा जाऊ लागला.

एका बाबतीत मात्र त्यानं कधी उशीर केला नव्हता. धरणाच्या पाण्यात कुणी बुडालं, कड्यावर कुणी अडकलं, की पायात चप्पल असो नसो, कोंडाजी जीपमध्ये. शनिवार-रविवारी पोहायला येणारी शहरातली पोरं काढता काढता डोणवाडीत नऊ जणांचं पथक तयार झालं होतं. एका कंपनीनं त्यांना दोर, हेल्मेटं, कमरेचे पट्टे आणि विहिरीच्या तोंडावर उभी करायची लोखंडी तिपाई दिली होती. पथकाचा नियम एकच, आणि तो कोंडाजीनं केलेला: पहिला मी उतरणार.

त्यात खोटं काही नव्हतं. एकदा त्याचा खांदा निखळला होता, एकदा कड्यावरून घसरून तो अडीच महिने प्लास्टरमध्ये होता. माणूस भित्रा नव्हता. फक्त आपण भीत नाही हे चारचौघांनी बघितलं नाही तर त्याला ते वाया गेल्यासारखं वाटायचं. दोर बांधायचा अमोल. तिपाई कुठं रोवायची, धोंडा कुठून हलवायचा, हे अमोलला कळायचं. अमोल वर असायचा म्हणून कोंडाजी सुखरूप खाली जायचा, आणि कोंडाजी खाली जायचा म्हणून फोटोत कोंडाजी असायचा. अमोलची याबद्दल तक्रार नव्हती. निदान बोलून दाखवलेली नव्हती.

एप्रिलअखेरच्या एका मंगळवारी, सकाळी सव्वादहाला, ग्रामपंचायतीत बसलेल्या कोंडाजीला बंडोपंतांचा फोन आला. बंडोपंत म्हणजे निवृत्त गुरुजी. आयुष्यभर आसपासच्या दोन-तीन गावांतल्या पोरांना पाढे शिकवल्यामुळे त्यांचं सगळे ऐकायचे, आणि आता त्याच पोरांची भांडणं सोडवण्यात त्यांची पेन्शनीतली वर्षं चालली होती.

"कोंडाजी, गवळटेपला फार्महाउसवरची विहीर ढासळलीये. खाली आपला नथू आहे."

कोंडाजी उभा राहिला.

"जिवंत आहे. बोलतोय. कमरेपर्यंत मुरमात गाडला गेलाय, पायावर धोंडा आहे, आणि तळाला झरा फुटलाय. पाणी चढतंय. शंभूआण्णांचा निरोप आहे, अमोलला आणि पोरांना तिपाई घेऊन लगेच पाठवा. अग्निशमनची गाडी निघालीये, पण तिला अडीच तास लागतील."

"आन् मी?"

"तुझं नाव नाही काढलं त्यांनी."

"इसरले आसतील."

"विसरले नाहीत. शहाणपणानं काढलं नाही. तू गेलास की काय काय करावं लागतं ते तुला ठाऊक आहे. कागद मीच लिहिलाय, बाबा. अमोलला पाठव. तू इथं बसून फोन कर, तहसीलदारांना सांग. ते काम काही कमी नाही."

कोंडाजीनं फोन ठेवला. पण फोन ठेवला म्हणजे गोष्ट सोडली असं त्याच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

त्या कागदाची हकिगत अशी. नऊ वर्षांपूर्वी कोंडाजी पहिल्यांदा सरपंच झाला आणि टँकरच्या कामाला गवळटेपला गेला. तिथं त्याला चाळीस मिनिटं बाकावर बसवलं आणि कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं केला नाही. गवळटेपचे म्हणत, त्या दिवशी गावात मयत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. कोंडाजी म्हणायचा, मयताला गेलेली माणसं चहा पिताना मी डोळ्यांनी पाहिली. पुढं गवळटेपचे सरपंच शंभूआण्णा डोणवाडीत एका दहाव्याला आले, तेव्हा त्यांना बघून कुणी उठलं नाही. मग जत्रेत दगडं पडली, दोन डोकी फुटली, पोलीस आले. शेवटी बंडोपंतांनी ओढ्याकाठी दोघांना बसवून एक कागद लिहिला. साध्या लोकांनी कुठंही यावं-जावं, त्यांना अडकाठी नाही. पण एका गावचा प्रमुख दुसऱ्या गावात जाईल तेव्हा त्या गावच्या प्रमुखानं स्वतः वेशीवर यायचं. गूळपाणी द्यायचं, टिळा लावायचा, फेटा बांधायचा. तोवर पाहुण्यानं वेस ओलांडायची नाही आणि कामाचं बोलायचं नाही.

दोघांनी सह्या केल्या. आणि कागद इतका नामी निघाला, की सात वर्षांत दोघांपैकी एकानंही दुसऱ्याच्या गावात पाऊल टाकलं नाही. साधी माणसं रोज ये-जा करत होती. दूध जायचं, सोयरिकी जुळायच्या, नथूसारखे विहिरी खणणारे तिकडं कामाला जायचे. मान होता तो दोघांनाच, आणि त्या मानानं अडलेलेही दोघंच.

जीप बाहेर काढेपर्यंत गाव गोळा झालं. पंचायतीतला एक सदस्य म्हणाला, "सरपंच, तुमी नका जाऊ. गवळटेपात कुणी तुमच्या अंगावर हात टाकला म्हंजी?"

हे त्यानं काळजीनं म्हटलं. पण कोंडाजीला न पाठवायचं असेल तर नेमकं हेच म्हणायला नको होतं.

"टाकू दे," कोंडाजी म्हणाला. "नथू आपला हाय. पोरं पाठवून मी हितं खुर्चीत बसू? जिवाला धोका आसंल तर तो माझ्या जिवाला."

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. अमोल तेवढा तिपाई चढवत राहिला.

गोजराबाई अंगणवाडीतली खिचडी चुलीवर तशीच टाकून आली. नथूची बायको. तिनं कुणाला विचारलं नाही, मागच्या बाजूनं जीपमध्ये चढली आणि दोरांच्या वेटोळ्यावर बसली. वाटेत एकदाच बोलली.

"बोलतोय म्हणले ना गुरुजी?"

"बोलतोय, वैनी," अमोल म्हणाला.

"मग हाय. गप झाला तर इचारायचं."

सहा किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना कापणी होऊन उघडी पडलेली भातखाचरं आणि अधूनमधून फार्महाउसांच्या रंगवलेल्या भिंती. पावणेअकराला जीप गवळटेपच्या वेशीशी आली. वेस म्हणजे ओढ्यावरचा फरशीचा पूल आणि पलीकडं मारुतीचं ठाणं. पुलाच्या तोंडाशी गवळटेपचा उपसरपंच शेखर उभा होता, बरोबर आणखी दोघं. ते पथकाला वाट दाखवायला थांबलेले होते. शेखरनं हात करून जीपला पुढं यायची खूण केली, आणि मग पुढच्या सीटवर कोंडाजी दिसला.

वर केलेला हात तसाच थांबला.

"सरपंच, तुमी स्वतः?"

"का? येऊ नये?"

"न्हाई न्हाई, तसं न्हाई." शेखर घाईघाईनं पुढं आला, वाकून नमस्कार केला. "लई उपकार झाले. पन आण्णांना कळवतो. दोन मिंटं थांबा."

"थांबायला टाइम हाय का?"

"टाइम न्हाईच. पन तुमी असे गेलात न् उद्या कुणी म्हणलं, गवळटेपनं परत तेच केलं, मानूस आला न् पान्याला इचारलं न्हाई, तर आमी तोंड कुटं दाखवायचं? आदीच नऊ वर्सं ऐकतोय." त्यानं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं जीपकडं दाखवलं. "पोरं जाऊ द्या की पुढं. त्यांना कशाची आडकाठी? विहीर ती काय, त्या निलगिरीपल्याड."

वाट खुली होती. या गोष्टीत नंतर कितीही बोटं दाखवली गेली तरी हे विसरून चालणार नाही. शेखरनं तोंडानं सांगितलं होतं, पोरं जाऊ द्या.

अमोलनं कोंडाजीकडं बघितलं. "दादा, आमी होतो पुढं. तिपाई लावून ठेवतो. तुमी आलात की उतरा."

कोंडाजीनं हिशेब केला. हिशेब तो नेहमीच करायचा, आणि लवकर करायचा. पोरं पुढं गेली की अमोल उतरणार. न उतरून करेल काय, खाली माणूस आहे. म्हणजे अमोल उतरणार, नथूला काढणार, आणि सरपंच तोवर वेशीवर नवरदेवासारखा फेट्याची वाट बघत उभा असणार. डोणवाडीतून निघताना काय बोलून निघालो, ते ऐकायला निम्मं गाव होतं. हे त्यानं शब्दांत मांडलं नाही. मनात शब्द मांडायचे नसतात तेव्हाच माणूस सगळ्यात पक्का हिशेब करतो. तोंडानं तो म्हणाला, "पथक एकत्र जाईल. अर्धं हितं, अर्धं तितं, असं करून मागं आपुन एकदा फसलोय. पाचच मिंटं."

मागं एकदा फसलो होतो हेही खरंच होतं. त्याच्याकडं कारण नेहमी खरं असायचं.

गोजराबाई जीपमधून उतरली. "चला की, सरपंच."

"तू हो पुढं. आलोच आमी."

ती फरशी ओलांडून गेली. तिला कुणी अडवलं नाही. अमोल दोराचं टोक हातात घेऊन तिच्या पाठीकडं बघत राहिला. मग तो परत म्हणाला, "दादा." कोंडाजीनं ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेखर दर थोड्या वेळानं म्हणायचा, आण्णा निघालेत. त्यानं मारुतीच्या ठाण्यातून सतरंजी आणून कट्ट्यावर अंथरली. कोंडाजी बसला नाही, कारण बसलं तर वाट बघतोय असं दिसलं असतं. पंधराव्या मिनिटाला अमोल म्हणाला, "मी चाललो." कोंडाजी त्याच्यासमोर उभा राहिला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "आता गेलास तर पंधरा मिंटं कशासाठी थांबलो आपुन? येतोय म्हातारा. आता आलाच."

हा युक्तिवाद अमोलला पटला नाही. पण अकरा वर्षं ज्याचा दोर धरला त्याला ढकलून जायचं त्याच्या हाताला जमलं नाही. पुढं बरेच महिने अमोल स्वतःच्या हातांना याबद्दल विचारायचा.

अकरा वाजून वीस मिनिटांनी शंभूआण्णा आले. साठीचा माणूस, पांढरं स्वच्छ धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा. मागं चौघं, एकाच्या हातात ताट, एकाच्या हातात तांब्या. आण्णा जवळजवळ पळतच आले, धापा टाकत होते, तरी कोंडाजीसमोर येऊन त्यांनी आधी श्वास सावरला आणि मग हात जोडले.

"माफी करा, सरपंच. उशीर झाला. तुमी याल असं ध्यानीमनी नव्हतं."

त्यांनी गूळ दिला, पाणी दिलं. कोंडाजीच्या कपाळाला कुंकू लावलं. फेटा बांधताना त्यांचे हात डोळ्यांसमोर आले, आणि तेव्हा कोंडाजीला ते दिसलं. आण्णांच्या नखांत, मनगटाच्या सुरकुत्यांत, कानामागं, मुरूम. लाल, ओला मुरूम. धोतराखाली पोटऱ्यांपर्यंत पाय चिखलानं माखलेले, वरवर धुतलेले.

"आण्णा, तुमी कुटं हुतात?"

"विहिरीवर. सकाळपास्नं तितंच."

"आन् हे चौघं?"

"हे बी. माझं डिझेलचं इंजिन हाय ना, शेतावरचं, ते नेलं हुतं. त्यानं पानी उपसत हुतो. लई खोडील हाय ते, माझ्याबिगर कुणाला दाद देत न्हाई. हे बादल्या वढत हुते." आण्णांनी फेट्याचा शेवट खोचला. "शेखरचा फोन आला, तुमी स्वतः आलात म्हणून. मग काय, तसाच चिखलाचा कसा येनार? घरी गेलो, आंग धुतलं. कागद हाय आपला."

"मग आता तितं कोन हाय?"

आण्णांना उत्तर माहीत होतं. तो प्रश्न आत्तापर्यंत कुणी विचारला नव्हता इतकंच.

"तुमची ती बाई गेलीय, शेखर म्हनला. आन् वॉचमन."

पळताना कोंडाजीचा फेटा कुठं पडला ते त्याला कळलं नाही.

विहीर बावीस फूट खोल. एका बाजूची कड खालपर्यंत उतरलेली, मुरूम आणि दगड यांचा उतार झालेला. मुरूम वर ओढायच्या यारीचा लोखंडी हात आडवा पडलेला. काठावर डिझेलचं इंजिन गप्प उभं होतं. वॉचमन त्याचं हँडल फिरवत होता, इंजिन एकदा खोकायचं आणि बंद पडायचं. हात सोलून निघाले होते त्याचे. गोजराबाई काठाशी पोटावर पडून खाली बोलत होती.

"आले. आले बघा. आयकू येतंय का? हां म्हना."

खालून "हां" आलं.

आण्णा सदऱ्यासकट इंजिनापाशी बसले. अमोलनं तिपाई तीन मिनिटांत उभी केली, आजवर कधी इतक्या लवकर केली नव्हती. पट्टा हातात घेऊन त्यानं स्वतःच्या कमरेला लावायला सुरुवात केली. कोंडाजीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. अमोलनं सोडला. तिथं वाद घालायला वेळ नव्हता, आणि दोर धरायला अमोलशिवाय कुणी नव्हतं, हेही खरंच होतं.

खाली पाणी नथूच्या खांद्यापर्यंत आलं होतं. थंडगार, लालसर पाणी. कोंडाजी त्याच्या शेजारी मुरमात गुडघाभर रुतला. पहार खाली घालून त्यानं धोंड्याचा अंदाज घेतला. धोंडा हलत होता, पण हलला की वरचा मुरूम सरकून आणखी घट्ट बसत होता. पाणी कमी असतं तर चौघं उभे राहून मुरूम उपसू शकले असते. आता खाली जागा एकाचीच होती.

नथूनं त्याच्याकडं बघितलं. ओठ निळे पडले होते, पण डोळे शाबूत होते.

"सरपंच," तो म्हणाला, "कपाळाला कुक्कू हाय तुमच्या."

कोंडाजी पहार रेटत राहिला.

"कुनाच्या लग्नाला गेलता का काय?"

"बोलू नको. दम ठिव."

"दम हाय. मगाशी पानी कमरंला हुतं. आण्णा गेले न् मग चढलं." त्यात गाऱ्हाणं नव्हतं. विहिरी खणणारा माणूस पाण्याबद्दल सांगतो तसं त्यानं सांगितलं. "लई जोराचा झरा हाय. मालकाला म्हनलं हुतं, हितं पानी हाय."

पाणी हनुवटीला आलं तेव्हा कोंडाजीनं पहार टाकली आणि दोन्ही हातांनी नथूचं डोकं मागं धरलं, तोंड वर राहील असं. वरून मातीची ढेकळं पडायला लागली. अमोल ओरडला, "दादा, कड सुटतीये. वर या." कोंडाजी आला नाही. "दादा, मी वढतोय." कोंडाजीनं एका हातानं पट्ट्याची कडी सोडली आणि दोर मोकळा करून टाकला. आता त्याला वरून कुणी ओढू शकत नव्हतं. आयुष्यात इतका मोठा धोका त्यानं कधी पत्करला नव्हता. आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता, हे दोघांनाही खाली उभ्याउभ्या कळत होतं.

"नळी टाका," तो ओरडला. अमोलनं बागेच्या नळीचा तुकडा कापून टाकला. नथूनं ती दातांत धरली. पाणी नाकावरून गेलं. नळीतून श्वास येत होता, जात होता. कोंडाजी मोजत राहिला. चाळीसपर्यंत मोजले. मग नथूला ठसका लागला.

त्याचे हात कोंडाजीच्या दंडाला धरून होते. बराच वेळ धरून होते. मग नव्हते.

वर इंजिन सुरू झालं. आण्णांनी ते सुरू केलंच शेवटी. फटफट असा ठाम आवाज आला, पाइप थरथरला, आणि पाणी खेचायला लागला. कोंडाजी तसाच उभा होता, पाण्याखालचं डोकं दोन्ही हातांत धरून. वीस मिनिटांत पाणी नथूच्या छातीपर्यंत उतरलं, आणखी दहा मिनिटांत कमरेपर्यंत. मग अमोल आणि आणखी दोघं उतरले, मुरूम काढला, धोंडा हलवला. अर्ध्या तासाचं काम निघालं.

अग्निशमनची गाडी दुपारी एकला आली, रुग्णवाहिका तिच्या मागं. तोवर डोणवाडीतली आणखी माणसं येऊन पोचली होती. कोंडाजी विहिरीच्या काठावर बसला होता, खांद्यातून रक्त येत होतं. एक दगड केव्हातरी लागला होता. लोक त्याच्याभोवती जमले. कुणीतरी म्हणालं, दोर सोडला यानं, माणूस आहे का कोण. मग दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही पावणेअकराला पोचलात ना वेशीला? आणि मग आवाज चढत गेला. गवळटेपवाल्यांनी अडवलं. वेशीवर अडवून ठेवलं. मुद्दाम. दगड उचलायच्या बेताला पोरं आली.

फार्महाउसच्या ओट्यावर हवालदार जबाब लिहीत बसला होता. त्यालाही तोच प्रश्न होता.

"पथकाला पोचायला उशीर झाला, त्याचं कारण काय लिहू? रस्ता खराब होता लिहू का?"

आण्णा पुढं आले. इस्त्रीचा सदरा डिझेलनं काळा झाला होता. "आमच्याकडनं झाला उशीर. लिवा. गवळटेपकडनं झाला. मी विहीर सोडून गेलो."

कोंडाजीला कळलं, की आता नुसतं गप्प राहिलं तरी पुरे. खोटं बोलायची गरज नव्हती. म्हातारा स्वतःच्या तोंडानं सांगत होता, आणि डोणवाडी ऐकायला अधीर होती.

"न्हाई," कोंडाजी म्हणाला. "आमची वाट कुणी आडवली न्हवती. शेखर म्हनला पोरं जाऊ द्या. अमोल म्हनला जातो. मी थांबवलं. माझ्याकडनं झालं."

"तुमचा कशाचा दोस? तुमी पाव्हणे."

"दोस माझा हाय, आण्णा."

"न्हाई सरपंच, आसं कसं. तुमी आमच्या वेशीवर हुता, जबाबदारी आमची. आमच्याच नावानं लिवा, हवालदार."

"आदी माझं नाव लिवा."

हवालदारानं पेन उचलून धरलं आणि या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

गोजराबाई स्ट्रेचरशेजारी जमिनीवर बसली होती. नथूच्या कपाळावरचा मुरूम ती पदरानं पुसत होती, पुसून होत नव्हता. तिनं मान वर केली.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "हितंबी तुमी आदी का मी आदी?"

तिनं हवालदाराकडं तोंड वळवलं.

"मी सांगते, लिवा." ती हवालदाराला म्हणाली. "मी आले तवा पानी कमरंच्या वर हुतं. आण्णा नुकते गेले हुते, इंजिन चालू हुतं. मग ते बंद पडलं. छातीला पानी आलं तवा हे दोघं हितं न्हवते, एक घरात आंग धूत हुता न् एक वेशीवर वाट बघत हुता. मी वर हुते. मला इंजिन चालवता येत न्हाई. तेवडं लिवा. म्होरं-मागं कुनाचं नाव घालायचं ते तुमी बघा."

मग तिनं अमोलला हाक मारली. "भावजी, उचला आता. चौघं लागतील. सरपंचांना घेऊ नका. आण्णांना बी नको."

अमोलनं पथकातल्या दोघांना आणि वॉचमनला बोलावलं. वॉचमनच्या तळहातांवर फडकं गुंडाळलेलं होतं. चौघांनी स्ट्रेचर उचललं आणि रस्त्याकडं निघाले, गोजराबाई मागोमाग.

हवालदारानं कागद वाचून बघितला. मग कोंडाजीकडं बघून जरा अवघडून विचारलं, "सरपंच, बाई दुःखात आहे. हे असंच्या असं ठेवू?"

"असंच ठेवा," कोंडाजी म्हणाला.